बलेनोचं इंजिन, जिप्सीचा गिअरबॉक्स आणि उद्यमबागेतलं मशीन शॉप : माझा अनुभव

बेळगावात उद्यमबागेत एक मशीन शॉप आहे, त्यांच्याकडनं मी माझ्या किट कारच्या (म्हणजे सुटे भाग जोडून स्वतः बांधलेल्या गाडीच्या) इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणीचं सगळं काम करून घेतलं, त्याचा हा रिव्ह्यू. नाव टाकत नाही, कारण मालकांनीच टाकू नका म्हणून सांगितलंय. त्यांचं रोजचं काम म्हणजे पंप आणि व्हॉल्व्हच्या कास्टिंगचं मशीनिंग, गाड्यांची असली कामं ते आवडीपोटी घेतात आणि उगाच फोनवर फोन यायला नकोत म्हणाले. पण उद्यमबाग, मच्छे, इकडं आमच्या निपाणीच्या पुढं कोल्हापूरला शिरोली, या पट्ट्यात असं काम करू शकणारी माणसं आहेत, तेव्हा कुणाकडंही गेलात तरी काय विचारायचं आणि काय बघून घ्यायचं एवढं या लिहिण्यातनं कळलं तरी बास.

आधी गाडी काय आहे ते. चौकोनी पाईपची चासी, दोन सीट, छप्पर नाही, इंजिन पुढं आणि ड्राइव्ह मागच्या चाकांना. लोटस सेव्हन म्हणून १९५७ सालची इंग्रज गाडी आहे त्या धाटणीची. आपल्याकडं अलिबागच्या चिंकारावाल्यांनी याच धाटणीची रोडस्टर केली होती, त्यात अँबेसिडरला यायचं ते १.८ चं इसुझू इंजिन होतं. ते इंजिन मुळातच उभं बसणारं, म्हणजे मागच्या चाकांच्या गाडीचं, त्यामुळं त्यांना हा प्रश्न आला नाही. आता मात्र स्क्रॅपमध्ये जी चांगली पेट्रोल इंजिनं मिळतात ती बहुतेक सगळी पुढच्या चाकांच्या गाड्यांची, आडवी बसणारी, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच घरात. ते इंजिन नव्वद अंशात फिरवून उभं बसवायचं आणि त्याला वेगळा गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागं जाणारा फिरता दांडा) आणि मागचा ॲक्सल द्यायचा, हे सगळं काम.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा डोक्यात होंडा सिटी व्हीटेकचं इंजिन होतं, २००० सालच्या आसपासची ती १०६ हॉर्सपॉवरची सिटी, तिचं इंजिन कुणाला नको असतं. काकांनी (मालकांना सगळे काकाच म्हणतात) पहिला प्रश्न हॉर्सपॉवरचा विचारलाच नाही. म्हणाले, "कुठल्या बाजूनं फिरतंय ते आधी सांगा की ओ." मला वाटलं सगळीच इंजिनं एकाच बाजूनं फिरतात. तर तसं नाही. बाकी बहुतेक गाड्यांची इंजिनं टायमिंग बेल्टच्या बाजूनं बघितलं तर घड्याळाच्या दिशेनं फिरतात, होंडाची जुनी डी आणि बी सिरीजची इंजिनं उलटी फिरतात. होंडाच्या स्वतःच्या गिअरबॉक्सवर त्यानं काही बिघडत नाही कारण तो त्याच हिशोबानं केलेला, पण तेच इंजिन जिप्सीच्या किंवा कुठल्याही साध्या रिअर व्हील ड्राइव्ह गिअरबॉक्सला लावलं तर पाच गिअर मागं जायला आणि एक पुढं यायला! यावर काही जण मागचा ॲक्सल उलटा करून बसवतात, पण मग पिनियनला, म्हणजे ॲक्सलमधल्या छोट्या गिअरला, तेल नीट पोचत नाही आणि भार दातांच्या चुकीच्या बाजूवर येतो. नंतरच्या सिटीतल्या एल सिरीजपासून दिशा सरळ आहे. एवढं सगळं काकांनी मला चहा यायच्या आत सांगितलं, पैसे न घेता, आणि तिथंच मला वाटलं की माणूस बरोबर आहे.

दुसरा पर्यायही त्यांनीच पुढं ठेवला, तो सांगायलाच पाहिजे कारण कित्येकांना तोच सोयीचा पडेल. इंजिन न फिरवता, गिअरबॉक्ससकट जसंच्या तसं उचलून ड्रायव्हरच्या मागं ठेवायचं. पुढच्या चाकांचे ड्राइव्ह शाफ्ट मागच्या चाकांना जातात, डिफरन्शियल आतच आहे, प्रॉपेलर शाफ्टची भानगडच नाही. टोयोटाची एमआर टू, लोटसची एलिस याच हिशोबाच्या, आणि आपल्याकडं फॉर्म्युला मारुतीच्या रेसिंग गाड्यांत ८०० चं इंजिन ड्रायव्हरच्या मागंच असायचं. यात इंजिन आणि गिअरबॉक्स जुळवणारा ॲडॅप्टर नाही, क्लचची जुळवाजुळव नाही. पण स्टिअरिंगचे टाय रॉड जिथं लागायचे ती जागा मागं आता पक्की बांधून टाकावी लागते, आणि ती रॉडची लांबी आणि उंची चुकली तर खड्ड्यात चाक वर गेलं की मागची चाकं आपोआप वळतात, वेगात हे लई धोक्याचं. शिवाय गिअरच्या केबल लांब, पाण्याचे पाईप रेडिएटरपासून मागपर्यंत. मला पुढं इंजिन आणि मांडीजवळ छोटा गिअर लिव्हर अशीच गाडी पाहिजे होती म्हणून मी पहिला रस्ता धरला.

शेवटी ठरलं ते जुन्या बलेनोचं १.६ इंजिन, जी १६ बी, म्हणजे १९९९ ला आलेल्या त्या सेडानचं, नव्या हॅचबॅकचं नव्हे. साधारण ९४ हॉर्सपॉवर. आणि गिअरबॉक्स जिप्सीचा. कारण सुझुकीच्या जी सिरीजची ही इंजिनं एकाच घराण्यातली, जिप्सीवाले कितीतरी वर्षं बलेनोचं इंजिन जिप्सीत टाकत आलेत, बेल हाउसिंगचे, म्हणजे गिअरबॉक्सच्या इंजिनाला टेकणाऱ्या तोंडाचे, बोल्ट जुळतात. आणि जिप्सीचा ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटणारा डबा) गिअरबॉक्सपासून वेगळा असतो, मधे छोटा शाफ्ट असतो, तो काढला की गिअरबॉक्सच्या मागनं थेट प्रॉपेलर शाफ्ट लावता येतो. कुणी विचारेल मग जिप्सीचंच इंजिन का नाही, ते तर आधीच उभं बसतं? बरोबर आहे, पण जिप्सीचं चांगलं इंजिन आमच्या भागात कोण सोडत नाही आणि सोडलं तर किंमत ऐकून घरी यायचं. बलेनो सेडान मात्र भंगारात गेल्या आणि इंजिन अजून दणकट असायची.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी हे लिहायला बसलो. बोल्ट जुळतात म्हणजे काम झालं असं बाहेर सगळेच सांगतात. इंजिन आणा, गिअरबॉक्स आणा, बोल्ट मारा, स्टार्ट. मी आधी ज्या एका गॅरेजमध्ये विचारलं होतं तिथं असंच सांगितलं होतं. काकांचं म्हणणं, "बोल्ट नुसता धरतो ओ, मधोमध आणत नाही." मधोमध आणतात ते डॉवेल, म्हणजे ब्लॉक आणि बेल हाउसिंगच्या मधल्या त्या दोन पोकळ पिना. माझा गिअरबॉक्स भंगारातनं आलेला, त्यातला एक डॉवेल गायब होता आणि दुसऱ्याचं भोक घासून मोठं झालेलं.

मग त्यांनी जे केलं ते मी उभा राहून बघितलं. गिअरबॉक्स पूर्ण उघडून आतले गिअर काढले, रिकामं केसिंग ब्लॉकला बोल्ट केलं, क्रँकच्या मागच्या टोकाला फ्लायव्हीलवर मॅग्नेटिक स्टँड लावून डायलचं (केसभर फरक दाखवणाऱ्या सुईच्या मापकाचं) टोक इनपुट शाफ्टच्या बेअरिंगच्या बोअरमध्ये टेकवलं आणि हातानं क्रँक हळूहळू फिरवला. सुई हलली, पुढं गेली, परत मागं आली. एका फेरीत एकूण जेवढी हलते त्याच्या निम्मं म्हणजे दोन्हीचं केंद्र एकमेकांपासून तेवढं लांब. त्यांच्या हिशोबानं एकूण हलणं ०.१० मिलिमीटरच्या आत पाहिजे, माझं जवळजवळ त्याच्या तिप्पट होतं. डोळ्याला काही दिसत नव्हतं, बोल्ट सगळे छान बसलेले. पण तसंच बसवलं असतं तर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट प्रत्येक फेरीत वाकवला जाणार, पायलट बेअरिंग (क्रँकच्या टोकात बसून त्या शाफ्टला आधार देणारं) खाल्लं जाणार, क्लच प्लेटच्या मधल्या हबला तडा, पुढच्या बेअरिंगचा आवाज, गिअर अडकून पडणं. आणि मग लोक म्हणतात जिप्सीचा गिअरबॉक्स असलाच.

तिथले टर्नर बैलहोंगलकडचे आहेत, कन्नड माणूस, मराठी आपल्यापेक्षा स्वच्छ. मी मधेच काहीतरी विचारायला गेलो तर डायलवरची नजर न काढता "स्वल्प तडीरी" (जरा थांबा) एवढंच म्हणाले आणि मी गप्प. त्यांनी मोठं झालेलं भोक बोअर करून त्यात बूश घातला आणि दोन्ही डॉवेल नवे केले, ते सुद्धा साधे नाहीत, एक्सेंट्रिक, म्हणजे पिनचा अर्धा भाग जरा एका बाजूला सरकवलेला, तो फिरवत फिरवत केसिंग पाहिजे तिकडं केसभर सरकवता येतं. फिरव, बोल्ट आवळ, डायल बघ, परत सैल कर. असं करत करत सुई ०.०६ च्या आसपास आणली. नुसतं केंद्र नाही, फेसही बघितला, म्हणजे केसिंगचा तोंडाकडचा भाग क्रँकला काटकोनात आहे का ते. गाडीच्या इंजिनवर एवढा वेळ घालवणारं दुकान मी तरी दुसरं बघितलं नाही. क्रँकशाफ्टची कामं बेळगावात कित्येक वर्षं होतात, मोजमापाची ही सवय त्यातनंच आली असणार. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते याच गावात, लोखंडी नांगराची सुरुवातही इथलीच, त्या गावात अजून असं काम होतंय हे बघून मला खरंच बरं वाटलं.

पायलट बेअरिंगचंही तेच. आडव्या इंजिनांच्या गिअरबॉक्समध्ये इनपुट शाफ्ट आतल्या बेअरिंगवरच उभा असतो, त्यामुळं क्रँकच्या टोकाला आधाराची जागा कंपनी देईलच असं नाही. रिअर व्हील ड्राइव्ह गिअरबॉक्सच्या लांब इनपुट शाफ्टला मात्र तिथं आधार लागतोच. तुमचं इंजिन कुठलंही असो, हे मोजून घ्या. क्लचचा नियम त्यांनी सोप्या भाषेत सांगितला, प्लेटची स्प्लाइन (मधल्या भोकातल्या खाचा) गिअरबॉक्सची, कव्हर फ्लायव्हीलचं, रिंग गिअरचे दात स्टार्टरचे, आणि रिलीज बेअरिंग क्लचच्या बोटांपासून किती लांब ते जोडायच्या आधी मोजायचं. फ्लायव्हील फेस करून, क्लच कव्हर लावून बॅलन्स करून दिलं.

सम्पचं, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचं, काम दुसरं मोठं. आडव्या इंजिनाचं सम्प त्या गाडीच्या क्रॉसमेंबरला आणि सायलेन्सरच्या पाईपला जागा सोडून केलेलं असतं. इंजिन फिरवलं की ते चासीला नको तिथं लागतं, शिवाय ही गाडी जमिनीला टेकल्यासारखी खाली, खोल सम्प चालतच नाही. आणि तेलाचं गणितही बदलतं, आडव्या इंजिनात वळणावर तेल क्रँकच्या लांबीच्या दिशेनं धावतं, उभ्या इंजिनात ते बाजूला पळतं, तेव्हा स्ट्रेनर (तेल ओढून घेणारी जाळी) कोरडा पडला तर बेअरिंग गेलंच म्हणून समजा. त्यांनी सम्प कापून उंची कमी केली, दोन्ही बाजूला पंख काढून तेल मावेल तेवढी जागा परत भरून काढली, आत पत्र्याच्या आडभिंती टाकल्या आणि पिकअप पाईप नव्यानं वाकवून स्ट्रेनर तळापासून थोडक्या मिलिमीटरवर आणला. वेल्डिंग झाल्यावर आतनं रॉकेल ओतून बाहेरनं शिवणीला खडू फासला आणि रात्रभर ठेवलं, एका कोपऱ्यात खडू ओला झाला तिथं परत वेल्डिंग केलं. हे मला सांगावं लागलं नाही.

हेडच्या मागच्या टोकाला डिस्ट्रिब्यूटरचं घर असतं, इंजिन उभं केलं की ते बरोब्बर फायरवॉलवर जातं. जिप्सीत १६ व्हॉल्व्ह इंजिन टाकणाऱ्यांना हा त्रास माहीत आहे, हातोडीनं फायरवॉल आत ठोकतात. माझी चासी अजून पत्रा न लावलेली असल्यानं आम्ही तिथं खोबणीच केली. तुम्ही चासी आधी बनवून मग इंजिन शोधणार असाल तर उलटं करा, इंजिन आणि गिअरबॉक्स जोडलेला समोर ठेवून मगच बोगदा आणि फायरवॉल आखा.

गिअरिंगचं एक जे मला दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं. जिप्सीचा ट्रान्सफर केस हायमध्ये असला तरी तो सरळ एकास एक नसतो, साधारण १.४ पट कमी करतो. तो काढून टाकला की सगळे गिअर तेवढे लांब होतात. चौथा गिअर डायरेक्ट, पाचवा ओव्हरड्राइव्ह, त्यात जिप्सीचाच मागचा ॲक्सल ठेवला तर पाचवा गिअर नुसता शोभेला. माझी गाडी साडेसहाशे किलोच्या आसपास, हलकी आहे म्हणून चालून जाईल असं मला वाटलं होतं, पण काकांनी इको व्हॅनचा मागचा ॲक्सल घ्या म्हणाले, कॉइल स्प्रिंगवाला, हलका, पार्ट कुठंही मिळतात. आणि हे काही आपलंच देशी डोकं नाही, इंग्लंडच्या कॅटरहॅमनं २०१३ साली काढलेल्या सेव्हन १६० मध्ये सुझुकीचंच ६६० सीसीचं टर्बो इंजिन, ८० हॉर्सपॉवर, आणि मागं सुझुकीचाच ॲक्सल टाकला होता, सगळी गाडी ४९० किलो. हे वाचलं तेव्हा मला जाम धीर आला.

ट्रान्सफर केस गेला की स्पीडोमीटरही जातो बरं का, कारण जिप्सीची ती केबल ट्रान्सफर केसमधनं निघते. काट्याचं काही नाही, पण ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, गाडीचा वेग कळला नाही तर गाडी थांबवताना इंजिन बंद पडायला लागतं. त्यांनी पिनियनच्या फ्लँजवर दात असलेली चकती लावून सेन्सर बसवायला ब्रॅकेट करून दिला. वायरिंग मात्र ते करत नाहीत, स्पष्ट सांगितलं, ते तुमच्या इलेक्ट्रिशियनकडनं करून घ्या. बलेनोचं हार्नेस (वायरींचा जुडगा) आणि ईसीयू जोडीनंच घ्या, सुटं घेतलं तर वायरींचे रंग जुळवताना डोळे जातील.

प्रॉपेलर शाफ्ट त्यांनी बाहेरच्या एका माणसाकडं बॅलन्सिंगला दिला, ते पैसे वेगळे. मापं यांनी काढली. गिअरबॉक्सच्या मागं फ्लँज आहे म्हणून लांबी कमीजास्त व्हायची सोय, म्हणजे स्लिप जॉइंट, शाफ्टमध्येच पाहिजे. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत पाहिजेत आणि गिअरबॉक्सचा कल आणि पिनियनचा कल समांतर, नाहीतर दोन युनिव्हर्सल जॉइंट एकमेकांचं हलणं मारत नाहीत आणि गाडी ठराविक स्पीडला थरथरते. शाफ्टभोवती लोखंडी कडं घालायला लावलं, मांडीच्या शेजारनं फिरणारा शाफ्ट तुटला तर काय होईल याचा विचार केला की ते कडं कुणालाही पटेल.

आता न आवडलेलं. वेळ. दसऱ्यानंतर काम दिलं आणि तेवढ्यात साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला. आपल्या भागात कारखाने किती आहेत माहीत आहेच, एखाद्या कारखान्याचा पंप बसला की ते काम आधी, मग आमचं इंजिन ताडपत्रीखाली. फोन केला की "करूलालोय की, जरा थांबा." मला समजतं, ऊस थांबला तर शेतकऱ्याचं नुकसान, मी स्वतः त्याच घरातला. पण तारीख देताना हे सांगायला पाहिजे होतं. आणि ड्रॉइंग कागदावर देत नाहीत. डॉवेलची, सम्पची मापं सगळी त्यांच्या वहीत, मी मोबाईलवर फोटो काढून घेतले म्हणून माझ्याकडं आहेत. उद्या दुसरीकडं काम करायची वेळ आली तर ती लागणार, तेव्हा फोटो मागून घ्याच, ते नाही म्हणत नाहीत.

पैसे. मजुरी, डॉवेल, बूश, सम्प, फ्लायव्हील, माउंटिंगचे ब्रॅकेट सगळं धरून पन्नास हजाराच्या आत झालं, शाफ्ट आणि बॅलन्सिंग सोडून. स्वस्त आहे असं म्हणणार नाही, पण डायल लावून बघितलेलं काम आणि अंदाजानं आवळलेलं काम यांत मला गिअर टाकताना फरक कळतो. गिअरबॉक्सचा आवाज नाही, क्लच हलका, गिअर दोन बोटांनी पडतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, ही गाडी रस्त्यावर नाही. मोटार व्हेइकल कायद्याचं कलम ५२ आहे, २०१९ साली सुप्रीम कोर्टानंही सांगितलंय की कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालत नाही, आणि घरी बनवलेल्या गाडीला टाइप ॲप्रूव्हलशिवाय (सरकारमान्य चाचणीच्या मंजुरीशिवाय) रजिस्ट्रेशन मिळत नाही, केए असो की एमएच. मी आमच्याच माळावर चालवतो आणि कुठं न्यायची असेल तर पिकअपवर घालून. काकांनीही काम घ्यायच्या आधी हेच विचारलं, आणि रस्त्यावर फिरवणार म्हणणाऱ्याचं काम ते घेत नाहीत.

जाणार असाल तर इंजिन, गिअरबॉक्स, फ्लायव्हील, क्लच सेट, स्टार्टर आणि दोन्ही डॉवेल असतील तर डॉवेल, सगळं एकदम घेऊन जा, अर्धं सामान घरी ठेवून गेलात तर ते हातच लावत नाहीत. पावसाळ्यात जा, तेव्हा कारखान्यांची घाई नसते. सकाळी लवकर गेलात तर काकांशी बोलायला वेळ मिळतो, एकदा व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मोठं मशीन) सुरू झालं की मग जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबायला लागतं.